सहा हात पंधरा बोटे

मु. चिखलदरा, चैत्र वद्य तृतीया, शके १७८६

दादांच्या पायांशी जानरावाचा दंडवत.

दोन वर्षांत तुमचे उत्तर नाही, तरी लिहितो. तुम्हांला अक्षर येत नाही. हे पत्र उद्धवपंत पांडे पारावर बसून वाचतील आणि चार माणसे कान देऊन ऐकतील, हे धरूनच लिहितो. उद्धवपंत, कंसात जे लिहीन ते आपल्यापुरते आहे. ते मोठ्याने वाचू नये.

मी डोंगरावर आलो आहे. एलिचपूर सोडले तेव्हा उन्हाने बैलांच्या जिभा बाहेर आल्या होत्या. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत मी पावले मोजली. तेरा हजार आठशे चाळीस भरली. दहा हजारांच्या पुढे वारा बदलला, बारा हजारांवर घाम वाळला, आणि माथ्यावर पहिल्या दिवशी मी चैत्र महिन्यात घोंगडे पांघरून बसलो. घोंगडे भाड्याचे होते, पण उपयोगी पडले.

आपल्या पूर्णाकाठच्या रानात माणसाची नजर पुढच्या बाभळीपाशी अडते. इथे ती अडतच नाही. मैदान चालत चालत जावे आणि एकदम जमीन संपावी, जशी काही कोणी विळ्याने कापून नेली. खाली दरी. मी एक दगड सोडला आणि मनात मोजत राहिलो. अकरा झाले तरी आवाज आला नाही, म्हणून मागे सरलो. तेवढ्यात खालून एक घार तरंगत आली. दादा, पंचेचाळीस वर्षे मी घारीचे पोट पाहत आलो. घारीची पाठ त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तपकिरी असते आणि तिच्यावर ऊन पडते. किती वेळ उभा होतो याचा हिशेब राहिला नाही, आणि माझा हिशेब राहत नाही असे सहसा होत नाही.

कामाचे सांगतो. साहेब लोकांचे इथे गवताने शाकारलेले बंगले आहेत. उन्हाळ्यात ते मडमांसकट वर येतात. आता सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेत लढाई लागली आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला जो मान आला, त्याने अमरावतीच्या शेटलोकांनाही गारव्याची गरज भासू लागली आहे. गोवर्धनशेट म्हणून मोठे कापूसवाले आहेत. त्यांनी सरकारातून एक सलग पट्टा घेतला आहे. त्याचे दहा सारखे तुकडे पाडायचे, दहा बंगले उठवायचे, मध्ये रस्ता, झाडे, एक देऊळ. अमरावतीचे चार, अकोल्याचे तीन, बाकी शेटजींचे सोयरे. ज्यांनी एकमेकांचे तोंड कापसाच्या बाजारात सोडून कुठे पाहिले नाही, ते इथे शेजारी होणार. मोजणीला माणूस कोण, तर जानराव. शेटजींनी अमरावतीत विचारले, तेव्हा तिघांनी माझेच नाव सांगितले.

मी शाळेची पायरी चढलो नाही हे गावाला ठाऊक आहे. खानदेशात आठ वर्षे सरकारी मोजणीत साखळी ओढली, ओढता ओढता अक्षर शिकलो, अंक शिकलो, नकाशा वाचायला शिकलो. निघताना साहेबाने मला बक्षीस म्हणून साखळी दिली. बावीस हात लांब, सोळा आणे म्हणजे सोळा सारखे भाग पाडलेली, आण्याआण्याला पितळी बिल्ला. दर दसऱ्याला मी तिला हळदकुंकू वाहतो आणि लाल फडक्यात बांधून ठेवतो. तीच साखळी घेऊन वर आलो आहे.

वैनीस नमस्कार. तिने उत्तर सांगितले तरी चालेल.

(उद्धवपंत, दादा आता पंचांत बसतात का? कोणी साक्षीला बोलावते का? एवढे मात्र कळवावे.)

जानराव


मु. चिखलदरा, वैशाख शुद्ध सप्तमी

दादांस दंडवत.

दहाही तुकडे पाडून झाले. बारा दिवस लागले. एका टोकाला गवळ्यांच्या म्हसोबाचा शेंदरी पाषाण, दुसऱ्या टोकाला कड्याच्या तोंडाशी सरकारी निशाणाचा दगड. नकाशात या दोहोंमधले अंतर साडेचाळीस साखळ्या लिहिले आहे. दर तुकडा चार साखळ्या लांब. दहा तुकड्यांच्या चाळीस झाल्या. उरली अर्धी साखळी, म्हणजे अकरा हात. ती शेवटच्या तुकड्याच्या आणि कड्याच्या मधून गवळ्यांच्या म्हशींना तळ्यावर जायला वाट म्हणून सोडायची, अशी सरकारची अट आहे.

मी शेंदरी पाषाणापासून सुरुवात केली. चाळिसावी साखळी टाकून खुंटी ठोकली आणि पुढे पाहतो तो निशाणाच्या दगडापर्यंत चार हात आठ बोटेच उरलेली. नकाशात चूक आहे. साहेबही चुकतात. मी तसे शेटजींना सांगितले. ते म्हणाले, "जानरावजी, चूक त्यांची ना? मग वाट त्यांची लहान झाली. आपले दहा पुरे आहेत ना?" पुरे आहेत, म्हटले. दुसऱ्याच दिवशी शेटजींनी शेवटच्या तुकड्याला काट्यांचे कुंपण घातले. त्या तुकड्यातून सगळी दरी दिसते. तो त्यांचा स्वतःचा आहे.

माणसे यायला लागली आहेत. बंगला एकाचाही उठला नाही, पण तंबू ठोकून बायकामुले आली आहेत. संध्याकाळी सारे शेजारी आपापल्या खुंट्यांच्या आत खुर्च्या टाकून बसतात. "तुमच्या इकडे वारा बरा आहे," असे अकोल्याचे वकील शेजारच्या सरकीवाल्याला म्हणतात, आणि दोघांच्या खुर्च्यांत अंतर चार हात. देऊळ कोणाच्या दाराशी असावे यावरून तीन दिवस बोलणे चालले आहे. कोणालाच दाराशी नको, आणि कोणालाच लांब नको.

एक जागा आहे, तिला पंचबोल म्हणतात. तिथे हाक मारली तर पाच वेळा परत येते. मला खरे वाटले नाही, म्हणून पहाटेच एकटा गेलो. पूर्वेला फटफटले होते. समोर डोंगरांच्या एकामागे एक अशा सात रांगा, पहिली काळी, शेवटची आभाळाच्या रंगाची, आणि मधल्या दऱ्यांत ढग बसलेले, गोठ्यात गाई बसाव्यात तसे. मी हाक मारली. पाच नाही, सहा वेळा आली. सहावी फार बारीक असते, श्वास रोखला तरच कळते. लोक पाचांवर थांबतात, कारण पाचवीनंतर ते हसायला लागतात.

हाक कोणती मारली ते लिहीत नाही.

गंगूबाई म्हणून एक गवळण आहे. साठीची, वाळलेली, डोक्यावर दुधाची चरवी. ती माझ्या खुंटीजवळ येऊन उभी राहिली. "मोजणीवाले बाप्पा, इथून माह्या म्हशी जाईन कशा? दोन म्हशी जोडीनं नाई जात. एकीनं शिंग हालवलं का दुसरी थेट खाली."

"एकामागून एक ने."

"तुमी जेवाले बसता तवा एकामागून एक बसता का? म्हशीले तान लागली का थे रांग पायत नाई."

मी म्हटले, बाई, मी बावीस हातांची साखळी टाकून मोजले आहे, माझ्या तोंडाचे नाही. ती माझ्याकडे पाहत राहिली. ती नजर मला ओळखीची वाटली. असेच तुम्ही पाहिले होते, दादा, त्या दिवशी वावराच्या धुऱ्यावर.

त्या दिवसाचे लिहिणारच होतो. पारावरच्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण नव्या माणसांसाठी पुन्हा लिहितो, म्हणजे माझी बाजू नीट राहील. कापसाचा भाव चढला तसे लोक दोन वावरांमधल्या धुऱ्यावरही सरकी टोचू लागले, आणि शेजारच्या वावरवाल्या किसनरावाने आपला धुरा तुमच्या वावरात आत आहे म्हणून वाद काढला. तुम्ही जुन्या रिवाजाने, शपथ म्हणून, डोक्यावर वावरातल्या मातीचे ढेकूळ घेतले, ओले धोतर नेसून, अनवाणी, बाप चालायचा त्या रेघेवरून चाललात. शिवेच्या दगडापासून किसनरावाच्या वावराची रुंदी जुन्या कागदात आठशे ऐंशी हात होती. मी म्हटले, माती डोक्यावर घेऊन जमीन मोजली जात नाही. आठशे ऐंशी हात म्हणजे बरोबर चाळीस साखळ्या. मी चाळीस टाकल्या. खुंटी तुमच्या पावलांच्या पलीकडे, तुमच्या वावरात पडली. सख्खा भाऊ असून मी भावाच्या विरुद्ध बोललो, म्हणून गावाने माझी वाहवा केली. मोजमापात भाऊ नसतो. हे मी आजही म्हणतो.

(उद्धवपंत, हे वाचू नये. चालताना दादा डाव्या पायाने लंगडत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "पाहा, मन खोटं असलं का पाय अडखळतो." ते शब्द माझ्या कानातून जात नाहीत. आपल्याकडून उत्तर आले की दादांना कोणी साक्षीला बोलावत नाही, खोटी माती वाहिलेला म्हणतात, आणि ते पाराकडे फिरकत नाहीत. मग पत्र घरी नेऊन वाचत जावे.)

जानराव


मु. चिखलदरा, वैशाख वद्य षष्ठी

दादांस दंडवत.

काल सकाळी गंगूबाईची एक म्हैस कड्यावरून गेली.

कुंपणाच्या काट्यांना बुजून मागची पुढचीच्या अंगावर आली. खाली गेली ती पुढची, गाभण होती. मी तिथे नव्हतो. आवाज सगळ्या तंबूंत ऐकू आला. शेटजींच्या घरच्यांनी सांगितले की आधी म्हशीचा आला आणि मग बाईचा. मी गेलो तेव्हा गंगूबाई कड्याशी बसून खाली पाहत होती. खाली काही दिसत नव्हते. झाडांचे शेंडे, आणि त्यांच्यावरून फिरणाऱ्या घारी. पहिल्या दिवशी जे पाहून मी भान विसरलो होतो, तेच सगळे होते. एक काडी हललेली नव्हती. एवढी मोठी म्हैस त्या दरीने गिळली आणि सगळे तसेच राहिले.

शेटजी म्हणाले, म्हैस बुजट असेल. मीही म्हटले, बुजट असेल.

गंगूबाई रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे न पाहता बोलली. "साहेबाचा खानसामा दर आठ दिवसाले माह्यं दुधाचं माप सरकारी मापाशी ताडून पायते. बोटभर कमी भरलं का चरवी लाथाडते. मी गरीब बाई, पन माह्यं माप ताडलेलं हाय. तुमची साखळी कोनाशी ताडता, बाप्पा?"

दादा, खानदेशात साहेब रोज सकाळी साखळी ताडून घेत असे. ती ताणून धरायला माणसे मीच उभी करत होतो. पण माझी स्वतःची साखळी मी तीन वर्षांत एकदाही ताडली नाही. पूजेतली वस्तू. तिला ताडणे म्हणजे साहेबाने दिलेल्या बक्षिसाचा संशय घेणे, असे मला वाटत आले.

इथल्या कचेरीच्या अंगणात बावीस हातांवर रोवलेले दोन दगड आहेत. साखळ्या ताडण्यासाठीच रोवले आहेत. महिनाभर रोज त्यांच्यावरून जातो येतो.

आज एवढेच.

जानराव


मु. चिखलदरा, वैशाख वद्य द्वादशी

दादांच्या पायांवर डोके ठेवून.

उद्धवपंत, हे पत्र घरी वाचायचे नाही. पारावर वाचायचे. किसनरावाला बोलावून घ्यावे, पंचांना बोलावून घ्यावे, आणि दादांना हात धरून आणावे. यात कंस नाही. एकही ओळ गाळू नये.

मी साखळी ताडली.

दुपारी, कचेरी जेवायला उठलेली असताना गेलो. कोणी पाहू नये म्हणूनच ती वेळ धरली, हेही लिहितो. एक टोक पहिल्या दगडाच्या खाचेत अडकवले आणि साखळी ताणून दुसऱ्या दगडाकडे गेलो. साखळी दगड ओलांडून पुढे गेली. चार बोटे. मी पीळ काढला, कड्या सरळ केल्या, पुन्हा टाकली. सात वेळा टाकली. सातही वेळा चार बोटे.

तेवढ्यात कचेरीतला म्हातारा कारकून पान खात बाहेर आला. साखळी उचलून त्याने कड्या डोळ्यांजवळ नेल्या. "झिजली आहे. प्रत्येक कडी केसाएवढी झिजते आणि सगळी मिळून साखळी लांबते. कुठून आणलीत?" मी म्हटले, साहेबाने बक्षीस दिली. तो हसला. वाईट हसला नाही. "बाद झालेल्या साखळ्या साहेब असेच वाटून टाकतात. आमच्या इथे एकाने विहिरीच्या पोहऱ्याला लावली आहे."

तीन दसरे मी हिला कुंकू वाहिले.

आता हिशेब ऐका. मोठ्याने वाचा, पंत, आणि सावकाश. साखळी चार बोटे लांब. चाळीस वेळा टाकली की एकशे साठ बोटे. चोवीस बोटांचा हात, म्हणजे सहा हात सोळा बोटे. माझ्या दहा तुकड्यांनी गवळ्यांच्या अकरा हातांतून एवढेच खाल्ले होते. चार हात आठ बोटे उरली, ती यामुळे. साहेबाचा नकाशा बरोबर होता. गंगूबाईची म्हैस बुजट नव्हती.

तिथेच अंगणात बसून मी माझी दोन वर्षांपूर्वीची वही उघडली. माझी मोजणीची एकही वही मी टाकलेली नाही. किसनरावाच्या धुऱ्याच्या पानावर लिहिले आहे: चाळीस साखळ्या. आणि खाली, माझ्याच अक्षरात, माझी खुंटी आणि दादांच्या पावलांची रेघ यांतले अंतर. नांगरलेल्या काळ्या मातीत तुमची पावले स्पष्ट उमटली होती आणि मी ती हातकाठीने मोजून घेतली होती. गावाला दाखवायला, की पाहा, एवढे खोटे.

सहा हात पंधरा बोटे.

दादा, मी तो आकडा पुन्हा पुन्हा वाचला. माझी साखळी चुकली सहा हात सोळा बोटे. तुमच्या माझ्यात फरक सहा हात पंधरा बोटे. म्हणजे आठशे ऐंशी हातांवर, रेघ नाही, दोरी नाही, निशाण नाही, नजर खाली नेता येत नाही कारण डोक्यावर ढेकूळ, अशा स्थितीत तुम्ही जिथे पाऊल टाकले, ते खऱ्या जागेपासून एका बोटावर होते. एका बोटावर. आणि ते बोटही तुमच्या बाजूला नाही. ते तुम्ही किसनरावाला सोडले होते.

या डोंगरावर मी थक्क झालो नाही असा दिवस गेला नाही. घारीची पाठ पाहिली, सहावी हाक ऐकली, ढगांच्या वर उभा राहिलो. त्या अंगणात दोन दगडांच्या मध्ये बसून मला जे झाले ते यांपैकी कशानेही झाले नव्हते. लहानपणी बाप आपल्याला धुऱ्यावरून चालवायचा ते आठवले. तुम्ही पुढे, मी मागे. तो म्हणायचा, पायाने वावर पाठ करा. मी ते विसरायला आठ वर्षे खानदेशात गेलो आणि येताना झिजलेले लोखंड घेऊन आलो. तुम्ही पाठ केले होते, बोटापर्यंत.

आणि मी भर गावात म्हणालो की मन खोटे म्हणून पाय अडखळतो. हे मी म्हणालो होतो, पंच हो. किसनरावा, तू ऐकले होतेस. मोजणी खोटी होती. साखळी बाद झालेली होती आणि ती ताडून न पाहण्याइतका गर्व मला होता. माझ्या दादांनी, पुंजारामने, वाहिलेली माती खरी होती.

त्याच संध्याकाळी शेटजींकडे गेलो. सगळे शेजारी खुर्च्या टाकून बसले होते. मी सांगितले की दहाही तुकड्यांच्या खुंट्या चुकल्या आहेत. पहिली सोळा बोटे मागे घ्यायची, दुसरी बत्तीस, असे करत दहावी सहा हात सोळा बोटे.

"जानरावजी, माझ्या दिवाणखान्याचा पाया खणून झाला आहे," शेटजी म्हणाले. "सहा हातांसाठी पाया बुजवू? एका गवळणीसाठी?"

"अकरा हात सरकारची अट आहे."

"सरकार मोजायला येऊन राहिले काय? मोजणारे तुम्हीच ना?"

"म्हणूनच आलो."

अकोल्याचे वकील हसले आणि म्हणाले, "इतके दिवस हा माणूस साहेब चुकले म्हणून सांगत होता. आता स्वतः चुकला म्हणतो. उद्या काय, डोंगर चुकला म्हणेल." सगळे हसले. मी तिथेच उभा राहिलो. पूर्वी असे कोणी हसले असते तर मी वही उघडून त्याला गप्प केले असते. या वेळी वहीच त्यांच्या बाजूने होती.

शेवटी मी म्हटले, की मी आधीच कचेरीत लिहून देऊन आलो आहे, माझ्या सहीने. तेव्हा शेटजी उठून तंबूत गेले. दुसऱ्या दिवशी मी कचेरीची साखळी मागून आणली आणि दहाही खुंट्या मागे घेतल्या. दहावी उपटताना गंगूबाई येऊन उभी राहिली. मी कुंपणाचे काटे स्वतः ओढले. तिने मदत केली नाही, आणि ते बरोबरच होते. काम झाल्यावर ती वाट आडवी चालत गेली, नव्या खुंटीपासून कड्यापर्यंत, पावलाला पाऊल लावून. परत आली आणि म्हणाली, "आता हाय अकरा." मग चरवीतले दूध पानाच्या द्रोणात ओतून माझ्या पुढ्यात ठेवले आणि निघून गेली. मी कचेरीची साखळी न टाकता ते खरे मानले.

शेटजींनी मला जायला सांगितले आहे. अमरावतीत आता माझे नाव कोणी घेईल असे वाटत नाही. त्याचे मला जेवढे वाटेल म्हणून धरले होते तेवढे वाटत नाही.

मी आठ दिवसांत गावी येतो. या वेळी माती मी डोक्यावर घेईन, ओले धोतर नेसून, अनवाणी, आणि तुमच्या रेघेवरून चालेन. मला ती रेघ पाठ नाही. तुम्ही पुढे चालाल तर पाऊल टाकता येईल.

तुमचा धाकटा,
जान्या


गावाहून, वैशाख अमावास्या
(पुंजारामांनी सांगितले तसे लिहिले. उद्धव पांडे)

जान्या,

पत्र आयकलं. सारं गाव होतं. पंतानं दोनदा वाचलं, कारन मागच्याईले आकडे आयकू आले नाई. तुही वैनी पारावर कधी येत नाई, थे बी येऊन खांबामागं उभी होती.

किसन्या म्हने, साखळी खोटी कशावरून, मोजनीवालाच खोटा असंन. मी म्हनलं, माहा भाऊ खोटा नाई, फक्त तोंडाचा मोठा हाय. सारे हासले. दोन वर्षांत पारावर मी पयल्यांदा बोललो.

पंच म्हनते, कचेरीच्या दगडाशी ताडलेली साखळी घेऊन येजो अन् साऱ्यायसमोर टाकजो. माती तू वाहू नको. एकदा वाहिली थे पुरे हाय, माती काई खेळ नाई. अन् तुही बाद साखळी टाकून देऊ नको. गोऱ्हा दावं तोडून राहिला, त्याले बांधाले कामी येईन.

थ्या डोंगरावर हाक कोनाच्या नावानं मारली थे वैनी विचारून राहिली. आल्यावर सांगजो.

अन् थ्या एका बोटाचं तू लय लिहिलं. थे बी साऱ्यायसमोर सांगतो, म्हंजे मनात राहाचं नाई. थ्या दिवशी डाव्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. माती डोक्यावर असताना वाकता येत नाई. म्हून पाय जरासा वाकडा पडला, नाई तर तेवढं बी चुकलं नसतं.

पुंजाराम